कढईपाशी कोण उभं राहणार?

संध्याकाळचे साडेसात. बाहेरच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, कुणाचा तरी किस्सा ऐन रंगात आलेला. आत ओट्यापाशी घरातली एक बाई ओढणीने घाम टिपत तेलात वडे सोडतेय. दर पाच मिनिटांनी एक ताटली भरून बाहेर जाते आणि रिकामी परत येते. "अगं, तू पण ये ना आता," असं चौघं जण येऊन सांगून जातात; झारा हातात घ्यायला मात्र कुणी थांबत नाही. शेवटचा घाणा काढून ती बाहेर येते तेव्हा किस्सा संपलेला असतो आणि कुणीतरी विचारत असतं, "मग, पानं कधी घ्यायची?"

जेवणाआधीचे चटकमटक पदार्थ, हल्ली ज्यांना सगळेच स्टार्टर म्हणतात, ते कितपत आधी करून ठेवता येतात हा प्रश्न मी या बाईच्या जागेवरून विचारतेय. बारसं, डोहाळजेवण, पन्नाशी, साठी, ३१ डिसेंबर, क्रिकेटची अंतिम मॅच अशा अनेक संध्याकाळी ती बाई मीच होते. 

सगळ्या जगाला हा प्रश्न सारखाच छळतो असं नाही. रशियात 'झाकुस्की'चं टेबल पाहुणे यायच्या आधीच मांडून तयार असतं: खारवलेले मासे, मुरवलेल्या काकड्या, उकडलेल्या भाज्यांची सॅलडं. लेबनॉन-सीरियाकडचा 'मेझे' तसाच. हुमुस, भाजून कुस्करलेलं वांगं, ऑलिव्ह, घट्ट दही. बहुतेक गोष्टी गार खायच्या, काही तर आदल्या दिवशी केलेल्या अधिक चांगल्या. आपण मात्र पाहुणचार तापमानावर मोजतो. 'गरमागरम' हे आपल्याकडे पदार्थाचं विशेषण राहिलेलंच नाही, ते यजमानाचं प्रशस्तिपत्रक झालंय. गार वडा पुढे ठेवणं म्हणजे उरलंसुरलं वाढल्यासारखं. त्यामुळे आपलं कोडं मेझेवाल्यांपेक्षा अवघड आहे.

तरीही आधी करून ठेवण्याची विद्या आपल्याला कुणी शिकवायला नको होती. चैत्र-वैशाखातलं वाळवण आठवा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायचा. सांडगे, बटाट्याचा कीस, साबुदाण्याच्या चिकोड्या, नाचणीचे आणि पोह्याचे पापड, सगळ्यांची रीत तीच: कष्टाचा सगळा भाग उन्हाळ्यात उरकायचा आणि पावसाळ्यात अचानक पाहुणे आले की अर्ध्या मिनिटाचं तळण तेवढं शिल्लक ठेवायचं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. सहकाराची गोष्ट म्हणून ती नेहमी सांगितली जाते. मला ती दुसऱ्यांच्या पाहुण्यांसाठी आधी केलेल्या तयारीचीही वाटते.

आणि या विषयातलं निम्मं शास्त्र एका मसाला पापडात मावतं. कोरडा पापड डब्यात महिनोन् महिने टिकतो. कांदा, टोमॅटो, कोथिंबीर चिरून तासभर ठेवता येते. पण दोन्ही एकत्र आले की हातात जेमतेम तीन-चार मिनिटं. मग पापड मधोमध खचतो आणि टोमॅटो मांडीवर पडतो. कोरडं कोरड्याच्या जागी, ओलं ओल्याच्या जागी, गाठ शेवटच्या क्षणी.

दिवाळीच्या फराळाबद्दल लांबण लावत नाही. चकली, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा पंधरा दिवस टिकतात कारण त्यांत पाणी जवळजवळ उरलेलंच नसतं, आणि चिवडा सोडून बाकीचे खुसखुशीत राहतात कारण पिठात कडकडीत मोहन घातलेलं असतं. तेलाचा थर पिठाच्या कणांना वेढतो, त्यामुळे चिवट जाळं तयार होत नाही. पार्टीत वाटीभर पातळ पोह्यांचा चिवडा ठेवायला लोकांना संकोच का वाटतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. तोच चिवडा काचेच्या उंच ग्लासात भरून ठेवला तर पहिल्या दहा मिनिटांत संपतो, हे मी स्वतः करून पाहिलंय.

आता तेलात आणि वाफेत होणाऱ्या ओल्या पदार्थांकडे वळू. खरी गुंतागुंत तिथेच आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक पदार्थाला एसटीसारखे थांबे असतात. काही ठिकाणी गाडी रात्रभर मुक्कामाला उभी राहू शकते. काही ठिकाणी ड्रायव्हर चहा पिण्यापुरता उतरतो. आणि घाट लागला की मधे थांबायची सोय नसते, वर पोचावंच लागतं. आधी तयारी फसते ती बहुतेकदा घाटात थांबल्यामुळे. त्यामुळे 'हा पदार्थ आदल्या दिवशी करता येतो का' असं विचारण्याऐवजी 'आदल्या दिवशी कुठवर नेता येतो' असं विचारावं.

मुक्कामाचा उत्तम थांबा असलेले पदार्थ म्हणजे उंड्याचे. कोथिंबीर वडी आणि अळूवडी. दोन्हींत उकडणं आणि तळणं ही कामं मुळातच वेगळी आहेत, आणि त्यांच्या मधली विश्रांती ही नुसती सोय नाही, पदार्थाची गरज आहे. गरम उंडा कापायला घेतला की सुरीला चिकटतो, वडीची कड फाटते, अळूवडीची गुंडाळी सुटते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला उंडा कापावा तर एकेक वडी नाण्यासारखी निघते. असं का होतं? पीठ शिजताना त्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. गार होताना त्या स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात आणि घट्ट बसतात. यातली अमायलोज नावाची साखळी फार लवकर जमते, आणि डाळींच्या स्टार्चमध्ये अमायलोजचं प्रमाण धान्यांपेक्षा जास्त असतं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ म्हणूनच इतकं सुबक आळतं.

गंमत अशी, की हीच क्रिया पावाची वैरीण आहे. पाव शिळा होतो तो फक्त वाळल्यामुळे नव्हे, त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट झाल्यामुळेही. आणि गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं आपल्या फ्रिजमध्ये, ही क्रिया सगळ्यात वेगाने होते. म्हणून आदल्या दिवशी उंडे फ्रिजमध्ये ठेवावेत आणि पाव बाहेर डब्यात. पाव फार आधी आणला असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. आमच्या शेजारच्या काकू दोन्ही एकाच कप्प्यात कोंबायच्या आणि मग बेकरीवाल्याला नावं ठेवायच्या.

अळूवडीचं जरा जास्तच कौतुक करते, कारण तिच्यात आधी उरकण्याजोगं काम सर्वांत जास्त आहे. पानांचे देठ काढायचे, शिरा लाटण्याने चेपायच्या, चिंच-गूळ-तिखट घातलेलं पीठ उलट्या बाजूने सारवायचं, पान उलटसुलट रचत थर द्यायचे, वळकटी करायची. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खाजतो तो त्यांच्यामुळे. चिंच आणि पुरेसं उकडणं हा त्यावरचा जुना उतारा, म्हणून घाईत पाच मिनिटं कमी वाफ दिली तर त्याची शिक्षा पाहुण्यांना होते. वीस-पंचवीस मिनिटं उकडलेली वळकटी पूर्ण निवल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये दोन दिवस सहज राहते. ऐन वेळी फक्त काप पाडायचे आणि तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करायचे. मुंबई-पुण्यात उकडलेले उंडे विकत मिळतात, आणि ते विकत घेण्यात कमीपणा वाटून घेऊ नये. कठीण चढण दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी चढून ठेवलेली असते. परदेशातल्या मराठी घरांत तर भारतीय दुकानातला गोठवलेला किंवा डबाबंद गुजराती 'पात्रा' हाच अळूवडी म्हणून पानात पडतो. त्यात गूळ जरा पुढे असतो, पण मंडळाच्या गणपतीत कुणी तक्रार करत नाही.

इथे थोडं इतिहासात डोकावते. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं, तेव्हा मराठी घरात फ्रिज हा शब्दही नव्हता. गोदरेजने भारतात बनवलेला पहिला फ्रिज १९५८ मधला. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हाही बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात होती. म्हणजे आपली जी पाककृतींची परंपरा आपण प्रमाण मानतो, तिच्यातला 'आदला दिवस' हा फ्रिजविना असलेला आदला दिवस आहे. डाळ भिजत घालायची, पीठ आंबवायचं, चिंच कोळून ठेवायची, नारळ फोडून ठेवायचा, एवढीच त्याची मजल. आजीच्या 'तळणाचं आयत्या वेळीच करायचं गं' या वाक्यामागे चव होतीच, शिवाय मे महिन्यात बटाट्याची भाजी संध्याकाळपर्यंत आंबते हा अनुभवही होता. यातलं कुठलं कारण अजून लागू आहे आणि कुठलं फ्रिजने निकालात काढलं, हे आपण कधी नीट निवडून पाहिलंच नाही.

बटाटेवड्याचंच बघा. आतली भाजी आदल्या दिवशी करून, गोळे वळून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायला काहीच हरकत नाही. उलट गार गोळा घट्ट होतो आणि पिठात बुडवताना फुटत नाही. अडचण दुसरीच येते. फ्रिजमधून थेट कढईत गेलेला गोळा तेलाचं तापमान खाली ओढतो, आवरण तेल पितं आणि आत बटाटा गारढोण राहतो. गोळे अर्धा तास आधी बाहेर काढले आणि एका घाण्यात पाच-सहाच सोडले की प्रश्न मिटतो. आवरणाचं पीठ मात्र अर्ध्या तासाहून आधी भिजवू नये, आणि त्यात सोडा घालायचा असेल तर पहिला वडा सोडण्याच्या क्षणी घालावा.

साबुदाणावड्याचा थांबा याच्याही आधी येतो. भिजवून निथळलेला साबुदाणा रात्रभर राहतो, दाण्याचं कूट राहतं, उकडलेला बटाटा राहतो. पण तिन्ही मीठ घालून एकत्र केले की मिश्रणाला पाणी सुटायला लागतं. दोन तासांनी त्याचे वडे थापले तर ते तेलात पसरतात, कधी फुटूनही उडतात. कांद्याचं तेच. मीठ कांद्यातलं पाणी ओढून बाहेर काढतं. एकदा घरातल्या साठीशांतीच्या दिवशी मी हुशारी करून दुपारी चारलाच कांदाभज्यांचं पीठ कालवून ठेवलं होतं. सातला झाकण काढलं तर आत पिवळं सूप. मग त्यात पीठ घाल, परत पातळ, परत पीठ, असं करता करता चाळीस माणसांच्या भज्यांचं नव्वद माणसांचं पिठलं झालं. भजी झालीच, पण दगडासारखी. सासरे उठता-बसता त्यांची आठवण काढत राहिले.

तळलेला पदार्थ मऊ का पडतो ते कळलं की निम्मे घोटाळे टळतात. तेलात असताना वड्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, आणि त्या वाफेच्या रेट्यामुळे बाहेरचं आवरण कोरडं, कुरकुरीत होतं. कढईतून काढल्यावरही आत पाणी उरलेलंच असतं. ते हळूहळू बाहेरच्या कोरड्या थरात झिरपतं. वर झाकण असेल तर वाफ अडते, थेंब होऊन पुन्हा खाली पडते. ऐंशीच्या दशकात घरोघरी 'हॉट केस' आले, रुखवतात मांडले गेले, आहेर म्हणून मिळाले, आणि त्यांनी कुरकुरीत वड्यांचा जेवढा संहार केला तेवढा कुठल्याच उपकरणाने केला नसेल. पोळीला ते छान. भज्यांना ती वाफेची कोठडी.

तळण काढायचं तर जाळीवर काढावं, खालून हवा लागेल असं. चाळणही चालते. वर्तमानपत्रावर काढायची सवय सोडावी. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं तेलकट अन्नात उतरतात म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच तसं न करण्याची सूचना काढली आहे. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह नको. तो आतलं पाणी तापवतो, त्याची वाफ बाहेर येऊन आवरण भिजवते आणि पाच मिनिटांत वडा कातड्यासारखा चिवट होतो. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये सात-आठ मिनिटं, हे सर्वांत सोपं. एअर फ्रायरमध्ये कच्चं तळण करण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण आधी तळलेल्याला पुन्हा जीव आणायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

हलवाई मात्र या उपकरणांच्या कितीतरी आधीपासून दोनदा तळतात. समोसे, कचोऱ्या सकाळी मंद तेलावर फिकट रंगावर काढून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक आलं की कडक तेलात दीड-दोन मिनिटं सोडायच्या. पहिल्या तळणात आतलं शिजतं आणि पाणी जातं, दुसऱ्यात रंग आणि कुरकुरीतपणा येतो. घरी हे कुणी फारसं करत नाही, कारण 'दोनदा तळलेलं' ऐकायला बरं वाटत नाही. माझ्या मते मोठ्या पार्टीत हाच सगळ्यात प्रामाणिक तोडगा आहे. दुपारी निवांत पन्नास समोसे अर्धे तळून जाळीवर ठेवले, तर संध्याकाळचं काम पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर येतं. पंधरा मिनिटं तर कुणीही उभं राहील, अगदी घरातला जावईसुद्धा.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांनी हे गणित वेगळ्या वाटेने सोडवलं. पोर्तुगीजांकडून आलेले रिसॉइस, म्हणजे शिजवून मळलेल्या पिठाच्या अर्धचंद्रात पांढऱ्या सॉसमधली कोळंबी भरून, अंड्यात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवलेले. तसेच क्रोकेट, तसेच कटलेट. हे सगळे चुऱ्याचं आवरण लावलेल्या अवस्थेत मुक्कामाला थांबतात. फ्रिजमध्ये अर्धा-एक तास राहिले तर आवरण पक्कं चिकटतं, आणि फ्रीझरमध्ये काही आठवडे राहतात. नाताळाच्या किंवा लग्नाच्या बऱ्याच आधी शे-दोनशे नग करून ठेवायचे आणि लागतील तसे तळायचे, ही तिकडची सरावाची गोष्ट. आपल्या खिमा पॅटिसला, बटाट्याच्या पुरणातल्या मटार पॅटिसला हीच युक्ती चालते.

फ्रीझरचे नियम थोडेच आहेत, पण ते कुणी पाळत नाही. नग आधी ताटात सुटे सुटे मांडून गोठवायचे, दगड झाले की मग पिशवीत भरायचे. नाहीतर एकच मोठा गोळा हाती येतो आणि हातोडी शोधावी लागते. तळताना वितळवायचे नाहीत, गोठलेलेच मध्यम तेलात सोडायचे, थोडे थोडे. अन्न जितकं हळू गोठतं तितके त्यातले बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. अमेरिकेच्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने लॅब्रडॉरच्या थंडीत इन्युइट लोकांनी पकडलेले मासे क्षणात गोठताना आणि महिन्यांनी ताज्यासारखे लागताना पाहिले, आणि त्यावरून १९२० च्या दशकात जलद गोठवण्याचा धंदा उभा केला. आपला घरचा फ्रीझर तेवढा चपळ नाही. म्हणून त्यात पाणीदार गोष्टी बिघडतात: काकडी, टोमॅटो, साधा उकडलेला बटाटा. पनीर भुसभुशीत होतं, त्याला कोमट पाण्यात बसवून थोडं सावरता येतं. खवलेला नारळ, मटार, कच्चे समोसे, स्प्रिंग रोल यांचं काही बिघडत नाही.

आणखी एक कुळी आहे, मांडणीच्या पदार्थांची. शेवपुरी, भेळ, रगडा पॅटिस, बास्केट चाट. इथे शिजवण्याचं सगळं काम आधी संपतं आणि ऐन वेळी फक्त रचना उरते. चिंच-खजुराची चटणी आंबट-गोड असल्यामुळे फ्रिजमध्ये दोन आठवडे बिनधोक राहते. हिरवी चटणी मात्र नखरेल. लिंबू पिळलं तर ती लगेच काळी पडत नाही, पण तेच आम्ल पुढे पानांचा हिरवा रंग मारून चटणी खाकी करून टाकतं. वाटताना पाण्याऐवजी बर्फाचे खडे, थोडं डाळं, आणि लिंबू वाढायच्या दिवशी, एवढं केलं तर एक दिवस रंग धरतो. पाणीपुरीचं पाणी सकाळीच करावं. चार-सहा तास गार राहिल्यावर पुदिना आणि काळं मीठ त्यात मुरतं. एका वाढदिवसाला आम्ही चाटचे सगळे डबे टेबलावर उघडे मांडले आणि पाहुण्यांना म्हटलं, आपापलं करून घ्या. मुलं तर खूश झालीच, पण एक निवृत्त बँक मॅनेजर तासभर काऊंटरवाल्याच्या थाटात सगळ्यांना शेवपुरी लावून देत होते आणि जागचे हलले नाहीत.

मोनॅको बिस्किटावरचं टॉपिंगही याच कुळीतलं. फ्रेंच 'कॅनपे'चा हा आपला मध्यमवर्गीय अवतार. कॅनपे या शब्दाचा मूळ अर्थ सोफा. भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर वरचा जिन्नस ऐसपैस बसतो म्हणून. सोफा ओला झाला तर कुणी बसत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. चटणी सँडविच तीन-चार तास आधी करायची असतील तर पावाला कडेपर्यंत लोणी लावायचं, मग चटणी. लोण्याचा थर पाणी अडवतो. काकडी आधी मीठ लावून पिळून घ्यायची, टोमॅटोच्या बिया काढायच्या, कडा कापल्यावर वर ओलसर पातळ कापड घालायचं. बिस्किटांना मात्र हे लागू नाही. मुंबईच्या जुलैमध्ये ती पॅकेट फोडल्यावर नुसत्या हवेनेच अर्ध्या तासात नरम पडतात. टूथपिकला चीज-अननस-चेरी लावून चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या कोबीवर खोचायची जुनी तऱ्हा आज हास्यास्पद वाटते खरी, पण ती तीन तास आधी करून फ्रिजमध्ये ठेवता यायची आणि कुणाला कढईपाशी उभं करायची नाही. तो साळिंदरासारखा कोबी मला अजून आवडतो.

थांबल्याने सुधारणारे पदार्थ थोडेच, पण मोलाचे. दहीवडा त्यांचा राजा. तळलेले वडे पाण्यात किंवा ताकात भिजवून, पिळून, दह्यात रात्रभर बसले की स्पंजासारखे होतात. तळणाची कटकट आदल्या दिवशीच संपलेली असते आणि गार वाढणं हाच त्याचा मान. पार्टीच्या यादीत दहीवडा दिसला की समजावं, यजमानीण अनुभवी आहे. मुरवणाचे पदार्थही यात येतात, पण मर्यादेत. पनीर किंवा चिकन दह्यात रात्रभर चालतं. कोळंबीला लिंबू लावून मात्र वीस-तीस मिनिटांपलीकडे ठेवू नये. आम्लाने ती कच्चीच शिजल्यासारखी पांढरी पडते आणि तव्यावर रबर होते. कबाबाच्या खिम्यात कच्ची पपई घालून रात्रभर ठेवली तर तिच्यातला पपेन हा पाचक रस मांसाचा लगदा करून ठेवतो, सळईवर काही टिकत नाही.

चव गेली तर लोक विसरतात. पोट बिघडलं तर वीस वर्षं आठवण काढतात. जिवाणूंची वाढ साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात होते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा रूढ ठोकताळा. आपल्याकडे मार्च ते जून हा एक तासाचाच हंगाम. शिजवलेल्या भातात आणि बटाट्यात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू उरू शकतात; पातेलं बाहेर राहिलं तर ते जागे होतात, आणि त्यांच्यापैकी काहींचं विष नंतर उकळूनही जात नाही. त्यामुळे 'परत गरम केलं की झालं' हा दिलासा खोटा. बटाट्याची भाजी, पांढरा सॉस, ओल्या नारळाचं सारण पसरट ताटात पटकन निववावं आणि फ्रिजमध्ये ढकलावं. खोल पातेल्यात ते मध्यरात्रीपर्यंत मधे कोमटच राहतं. महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षं पाहिली आहेत, म्हणून हेही सांगून ठेवते: खच्चून भरलेला फ्रीझर दार न उघडता जवळपास ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. वीज गेल्यावर दर दहा मिनिटांनी दार उघडून आत बघणारा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला बर्फ आणायला बाहेर पाठवावं.

मग यादी कशी ठरवायची? वीसेक माणसं असतील तर मी हल्ली चारच पदार्थ करते. एक डब्यातला कोरडा, एक फ्रिजमधला गार, एक उंड्याचा किंवा फ्रीझरमधला, आणि एकच आयत्या वेळचा. पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा नग पुरतात. नुसत्या खाण्यावरच भागवायचं असेल तर दहा-बारा धरावेत. चारही पदार्थ तळणीचे निघाले की घोळ झालाच, कारण कढई एक, गॅस एक आणि हात दोनच. बेत ठरवताना मेनूकडे न बघता शेगडीकडे बघावं.

आयत्या वेळच्या त्या एका जागेवर माझ्याकडे बहुतेकदा कांदाभजीच असते. इनो घातलेला ढोकळा, फुललेली पुरी आणि ही भजी यांना थांबाच नाही. हे पदार्थ पहिल्यापासून घाटातच असतात. इनोचा वायू पीठ कालवताक्षणी सुटायला लागतो, तो उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. कांदा उभा चिरून कोरडा ठेवता येतो, ओवा-तिखट-पीठ वेगळ्या वाडग्यात मिसळून ठेवता येतं, पण मीठ पडलं की घड्याळ सुरू. मागच्या पावसाळ्यात बाकीचं सगळं आधी झालेलं असल्यामुळे मी प्रथमच पाहुण्यांसमोर कांद्याला मीठ चोळलं. आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी चार माणसं मावतात. त्या दिवशी अकरा होती. किस्सा ओट्यापाशीच रंगला, झारा तीन हातांतून फिरला, पहिला घाणा कच्चा निघाला आणि दुसरा करपला. बाहेरच्या खोलीतला पंखा बराच वेळ रिकाम्या खुर्च्यांवर फिरत होता.